कोल्हापुरात राहून इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? चार्जिंगचा प्रत्यक्ष खर्च आणि बाहेरगावची सोय

नागाळा_पार्क_४१६ (प्रश्न)

नमस्कार. आमची पेट्रोल गाडी आता जुनी झाली असून ती बदलायची आहे, आणि घरात इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला आहे. मी नोकरीसाठी नागाळा पार्कातून रोज कागलला जाते. येऊन-जाऊन सुमारे ४५ किलोमीटर होतात. महिन्या-दोन महिन्यांतून मुलीकडे पुण्याला जाणे असते आणि सणासुदीला रत्नागिरीला माहेरी. शोरूममध्ये सांगितले की किलोमीटरला एक रुपया खर्च येतो आणि चार्जिंग स्टेशन आता सगळीकडे झाली आहेत. ही दोन्ही वाक्ये इतक्या सहजपणे उच्चारली गेली की मला उलट शंकाच आली.

आमचे घरगुती बिल महिन्याला सरासरी १४० युनिटांचे येते, उन्हाळ्यात एसी लागला की ते बरेच वाढते. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, पार्किंग तळमजल्यावर आहे आणि जागा आमच्या नावावर आहे. पसंतीच्या गाडीची बॅटरी ४५ किलोवॅट-तासाची, म्हणजे ४५ युनिटांची आहे. घरी चार्ज केल्यास खरा खर्च किती, बाहेर किती, आणि पुणे व रत्नागिरी या दोन्ही दिशांना भरवशाची सोय आहे का, हे ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया सांगावे. पर्यावरणाचे फायदे मला मान्य आहेत. त्यावर चर्चा नको.

विजेची_कामे_उद्यमनगर

ताई, एक रुपयाचा आकडा खोटा नाही, पण तो कोणत्या दराने काढला आहे ते कोणी सांगत नाही. हिशोब मांडतो.

अशी गाडी गावात आणि कागल रस्त्यावर मिळून शंभर किलोमीटरला साधारण १३ ते १३.५ युनिटे बॅटरीतून घेते. भिंतीवरच्या चार्जरमधून बॅटरीत वीज जाताना दहा टक्क्यांच्या आसपास उष्णतेत वाया जाते, म्हणजे तुमच्या मीटरवर शंभर किलोमीटरला १५ युनिटे पडतात. आता दर. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटे, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्याचा १० रुपये २९ पैसे, तिसऱ्याचा १४ रुपये ५५ पैसे होता. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज पोचवण्याचा) वेगळा आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर वेळोवेळी बदलतात, इंधन समायोजन आकार वर-खाली होतो, त्यामुळे तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करावा. पद्धत तीच राहते.

पहिल्या टप्प्यातले युनिट सर्व धरून ६ रुपये ८२ पैशांना पडते. त्याला १५ ने गुणून शंभराने भागा, एक रुपया दोन पैसे येतात. शोरूमचा आकडा इथून आला. परंतु ती स्वस्त शंभर युनिटे तुमचा फ्रीज, पंखे, गिझर आणि मिक्सर यांनी महिन्याच्या वीस-बावीस तारखेपर्यंतच संपवलेली असतात. गाडीची युनिटे बिलाच्या वरच्या बाजूला जाऊन बसतात, खालच्या नव्हे. दुसऱ्या टप्प्यातले युनिट १३ रुपये २९ पैशांना आणि तिसऱ्यातले १८ रुपये २४ पैशांना पडते.

तुमचे महिन्याला ११२५ किलोमीटर धरले तर गाडीला सुमारे १७० युनिटे लागतील. घराची १४० आणि ही १७०, एकूण ३१०. म्हणजे गाडीची १६० युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि १० तिसऱ्यात. खर्च सुमारे २३१० रुपये, किलोमीटरला दोन रुपये पाच पैसे. एप्रिल-मे महिन्यात घराचा वापर २६० झाला तर त्याच गाडीची १३० युनिटे तिसऱ्या टप्प्यात जातात आणि खर्च २९०० रुपयांवर पोचतो, किलोमीटरला दोन रुपये साठ पैशांच्या जवळ. गाडी तीच, रस्ता तोच, एसीमुळे गाडीचा खर्च वाढला. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आणि सोळाचे ॲव्हरेज धरले तर तेवढ्याच अंतराला ७३०० रुपये लागतात. तेव्हा फायदा आहेच, आणि चांगला आहे. फक्त किलोमीटरचा खर्च शोरूमवाला सांगतो त्याच्या दुप्पट किंवा थोडा जास्त आहे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी केली. तिच्यात घरगुतीसारखे टप्पे नाहीत आणि तिचा दर घरगुती दुसऱ्या टप्प्यापेक्षा कमी आहे. घरच्याच मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज केली तर मात्र घरगुती दर लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट झाला आहे. त्याच दुरुस्तीत नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका-महापालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी आणली गेली. कोल्हापूर सात दिवसांत येते. प्रत्यक्ष खांबापासूनचे काम निघाले तर वेळ वाढतो, ते सोडून द्या. या जोडणीवर मंजूर भारानुसार (जोडणीला मंजूर झालेल्या किलोवॅटनुसार) दरमहा स्थिर आकार वेगळा बसतो, म्हणून महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटरच फिरणाऱ्याला दुसरे मीटर परवडेलच असे नाही. तुमच्या वापराला परवडेल.

स्वतःचे छत असलेल्यांसाठी हिशोब उलटा आहे. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांची वीज घरच्या मीटरवर वळती होते, चार्जिंगच्या वेगळ्या मीटरवर होत नाही. त्यांनी गाडी घरच्याच मीटरवर ठेवावी आणि पॅनेल वाढवावीत. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला चार युनिटांच्या आसपास देते आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. तुमचा फ्लॅट असल्याने हे तूर्त बाजूला ठेवू.

पाचगावकर_सीएनजी

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो घरापुरता आहे. माझी गाडी सीएनजीवर असून महामार्गावर किलोला चोवीस किलोमीटर देते. गॅस किलोला नव्वद रुपयांच्या आसपास धरला तर किलोमीटरला पावणेचार रुपये पडतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २२ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २६ रुपये होतात. महामार्गाच्या वेगाला शंभर किलोमीटरला १६ युनिटे लागली तर चार रुपये सोळा पैसे किलोमीटर. याचा अर्थ ज्याचे पार्किंग रस्त्यावर आहे, ज्याला घरी वायर ओढता येत नाही आणि जो सगळे चार्जिंग बाहेरच करणार आहे, त्याने इलेक्ट्रिक गाडी खर्च वाचवण्यासाठी घेऊ नये. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अशी किती घरे आहेत ते आपण सगळे जाणतो. सरकारच्या धोरणात याचे उत्तर दिसत नाही.

घाटरस्ता

सीएनजीवाल्या मित्रांच्या आकड्यांशी माझे भांडण नाही, परंतु ताईंची गाडी रोज घरून भरलेली निघणार आहे, त्यामुळे त्यांना प्रवासात सगळी वीज बाहेरून घ्यावीच लागत नाही. मी याच रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाडी चालवतो, म्हणून पुणे आणि रत्नागिरी या दोन्ही दिशांविषयी सविस्तर लिहितो.

पुणे सुमारे २३० किलोमीटर. महामार्गावर ताशी ८० ते ९० च्या वेगाने शंभर किलोमीटरला १६ युनिटे धरली तर ३७ लागतात. बॅटरी ४५ ची आहे, म्हणजे कागदावर एका दमात पोचता येते. तसे करू नये. पाऊस, समोरचा वारा, साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे सहापदरीकरणाच्या कामामुळे घ्यावी लागणारी वळणे, आणि वेग शंभरच्या पुढे गेला की झपाट्याने वाढणारा वापर, यांतले काहीही त्या उरलेल्या आठ युनिटांना पुरून उरते. कराड ते सातारा या टप्प्यात कुठेतरी थांबून १२ ते १५ युनिटे घ्यावीत. चहा-नाष्ट्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती होतात. घरची २५ आणि बाहेरची १२ असा हिशोब धरला तर पुण्यापर्यंत सातशे रुपयांच्या आत खर्च येतो, किलोमीटरला तीन रुपये.

या रस्त्यावर चार्जर नाहीत अशी तक्रार आता कोणी करू नये. पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा, सुरूर, खेड शिवापूर या पट्ट्यात हॉटेलांच्या आवारांत आणि पेट्रोल पंपांवर ते दिसतात. केंद्राच्या २०२२ च्या नियमांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावे असे म्हटले होते, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर २५ किलोमीटरचेच अंतर ठेवले आहे. मुख्य अडचण संख्येची नाही, चालू असण्याची आहे. ॲपवर हिरवा ठिपका दिसतो, आपण आत वळतो, आणि चार्जरच्या पडद्यावर लाल अक्षरांत बिघाड. कधी तर कोणीतरी आपत्कालीन थांब्याचे लाल बटण दाबून ठेवलेले असते आणि ते फिरवून सोडायचे असते हे वॉचमनला ठाऊक नसते. ते बटण आधी पाहावे, निम्म्या वेळा काम होते. म्हणून मी ठिपक्यावर विश्वास ठेवत नाही. ॲपमध्ये त्या ठिकाणी शेवटचे यशस्वी चार्जिंग केव्हा झाले ते पाहतो. आज सकाळी झाले असेल तर जातो, चार दिवसांपूर्वी झाले असेल तर आधी फोन करतो.

दुसरी गोष्ट फलकाची. फलकावर ६० किलोवॅट लिहिलेले असते आणि दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी ही ताकद ३०-३० अशी वाटली जाते, आणि तुमचा पाऊण तास दीड तासावर जातो. आणि ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी स्वतःच वीज हळू घेते, तेव्हा मागे गाडी उभी असताना शंभर टक्क्यांचा हट्ट धरणारा माणूस स्वतःचा आणि दुसऱ्याचाही वेळ घालवतो. दिवाळीत आणि लागून सुट्ट्या आल्या की रविवारी संध्याकाळी याच कारणावरून वाद होताना मी पाहिले आहेत. ताई, परतीचा प्रवास शक्य तर सकाळी ठेवावा.

तिसरे, ॲप. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, त्यात आधी पैसे भरावे लागतात आणि उरलेले तिथेच पडून राहतात. एका कंपनीकडे माझे पैसे बंद पडलेल्या चार्जरवर कापले गेले आणि परत यायला बरेच दिवस लागले. निघण्यापूर्वी आपल्या वाटेवरच्या दोन-तीन कंपन्यांची ॲपे घालून, नोंदणी करून, थोडे पैसे ठेवून द्यावेत. किणीच्या पुढे मोबाईलला रेंज नसताना ओटीपीची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग टाळावा. बेळगावकडे जाणार असाल तर निपाणीपासून पुढे कर्नाटकातील स्टेशनांची नावे आणि दर बदलतात, एवढे लक्षात असू द्यावे.

टोलविषयी बराच गैरसमज आहे. २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक कारला पूर्ण टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर. पुण्याला जाताना किणी आणि तासवडे नाक्यांवर पाकीट उघडावे लागतेच.

आता रत्नागिरी, आणि इथे मला शोरूमवाल्यांपेक्षा वेगळे सांगायचे आहे. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा या सुमारे १३० किलोमीटरच्या वाटेवर पुणे रस्त्यासारखी चार्जरची रांग नाही. पण तुम्हाला तिची गरजही नाही. घाटाची भीती बहुतेकांना वाटते, म्हणून तिचेच गणित करू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. माणसांसह १६०० किलोची गाडी ५०० मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने सव्वादोन युनिटांपेक्षा थोडी कमी ऊर्जा लागते. मोटरमधली गळती धरून अडीच-तीन म्हणा. म्हणजे येताना आंबा घाट तुमच्या पल्ल्यातून वीस किलोमीटर खातो, त्यापेक्षा जास्त नाही, आणि जाताना उतारावर मोटरच जनित्र होऊन त्यातला मोठा भाग परत देते. जाताना वीसच्या आत युनिटे लागतील. येताना बावीस-तेवीस. दोन्ही मिळून बॅटरी पुरते न पुरते अशी अवस्था येते, आणि तिथे माहेरचे १५ अँपिअरचे सॉकेट कामाला येते. त्यावर तासाला तीन युनिटांच्या जवळपास वीज मिळते. रात्री जेवून लावले की सकाळपर्यंत परतीच्या प्रवासापुरते सहज होते. फक्त कोकणातील जुन्या घरांचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे. अर्थिंग नसले तर टीव्ही चालतो, गिझर चालतो, पण गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि भावजय म्हणते की आमच्या सॉकेटमध्ये काही दोष नाही.

घाटाविषयी एकच सावधगिरी. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर मुक्काम करून तिथेच बॅटरी शंभर टक्के भरली आणि लगेच उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीला उताराची वीज ठेवायला जागा नसते. गाडी मोटरने रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माथ्यावर ८५-९० टक्क्यांवर थांबावे.

महामार्गालगत_हॉटेल

आमच्या हॉटेलच्या आवारात ६० किलोवॅटचा चार्जर आहे. "वीज आठ-नऊ रुपयांची आणि तुम्ही बावीस घेता" हे वाक्य गल्ल्यावर रोज ऐकतो, म्हणून दुसरी बाजूही मांडावी असे वाटले. कंपनीचे नाव लिहीत नाही.

चार्जिंग स्टेशन उघडायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही. केंद्राने २०१८ मध्येच ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे स्पष्ट केले. त्यामुळे जागा असलेला कोणीही यात उतरू शकतो. खर्च मात्र वीज येण्याआधीच सुरू होतो. असा चार्जर दहा लाखांच्या आसपास, शिवाय रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), केबल, पाया, छप्पर. समजा सगळे मिळून पंधरा लाख झाले आणि यंत्राचे आयुष्य सात वर्षे धरले, तर व्याज न धरताही महिन्याला अठरा हजार रुपये केवळ यंत्रापोटी वसूल व्हायला हवेत. दिवसाला तीन-चार गाड्या येऊन महिन्याला १५०० युनिटे विकली गेली तर युनिटामागे बारा रुपये त्यातच जातात. हाच चार्जर महिन्याला ६००० युनिटे विकू लागला तर हा भार तीन रुपयांवर येतो. म्हणजे दर महाग आहे कारण गाड्या कमी आहेत, आणि गाड्या कमी आहेत याचे एक कारण दर महाग आहे. स्थिर आकाराचेही तसेच. मंजूर भारावर महिन्याला रक्कम भरावी लागते, मग एक गाडी आली काय किंवा शंभर. त्यात यंत्रातली गळती आमच्या खात्यावर: मीटर आमचा आत येणारी वीज मोजतो आणि तुम्हाला पावती गनमधून बाहेर पडलेल्या विजेची मिळते. वर १८ टक्के जीएसटी तुम्ही देता, तो सरकारजमा होतो. गाडीवर ५ टक्के, चार्जर यंत्रावर ५ टक्के आणि चार्जिंगच्या सेवेवर १८, ही विसंगती आम्हालाही कळते.

एक गोष्ट मात्र ग्राहकांनी मागून घ्यावी. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्टेशनला मिळणारी वीज सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पटीने आणि इतर वेळी १.३ पटीने असावी असे म्हटले आहे. जिथे हा फरक बिलात उतरतो तिथे दुपारचा दर कमी ठेवणे परवडते. काही कंपन्या ॲपमध्ये वेळेनुसार दर दाखवू लागल्या आहेत. दुपारी थांबणाऱ्यांनी तो पाहून थांबावे. आमचे जेवण वेळेनुसार बदलत नाही.

पाचगावकर_सीएनजी

हॉटेलमालकांनी मोकळेपणाने लिहिले, आभार. पण म्हणजे पेठेतल्या माणसाने गाड्या वाढण्याची वाट पाहायची, आणि गाड्या वाढण्यासाठी त्यानेच आधी गाडी घ्यायची, असा हा प्रकार झाला. महापालिकेच्या वाहनतळांवर साधे ७ किलोवॅटचे चार्जर रात्रभरासाठी दिले तरी जुन्या गावातल्या लोकांचा प्रश्न बराच सुटेल. त्याला साठ किलोवॅटचे यंत्र आणि पंधरा लाख लागत नाहीत.

महामार्गालगत_हॉटेल

सहमत. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला फास्ट चार्जर लावणे म्हणजे झोपलेल्या माणसाला धावत जाऊन पाणी देण्यासारखे आहे.

नागाळा_पार्क_४१६

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या दोन शंका उरल्या आहेत. आमच्या अपार्टमेंटच्या सचिवांनी तोंडी सांगितले की "एकाला परवानगी दिली की सगळे मागतील आणि इमारतीचा लोड जाईल," म्हणून वेगळे मीटर देता येणार नाही. त्यांना अडवण्याचा अधिकार आहे का? आणि दुसरे, २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या पार्किंगमध्ये पाणी आले होते. अशा ठिकाणी चार्जर बसवणे शहाणपणाचे आहे का?

विजेची_कामे_उद्यमनगर

ताई, सचिवांची भीती अगदीच निराधार नाही, परंतु तिचे उत्तर नकार हे नाही. तुमचे वेगळे मीटर म्हणजे वेगळा मंजूर भार. तो महावितरण तपासून देते आणि रोहित्रावर क्षमता नसेल तर तसे लेखी कळवते. ते काम सचिवांचे नाही. उलट लोक घरच्या मीटरवरून गुपचूप एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून खाली सोडतात तेव्हाच इमारतीला खरा धोका असतो. कोल्हापुरातल्या जुन्या फ्लॅटचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॅटचा असतो आणि ७.२ किलोवॅटचा चार्जर त्यावर चालवला की मीटर पेटीतली जोडणी काळी पडते. तुमच्या ४५ किलोमीटरसाठी ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर पुरेसा आहे. रात्री दोन-तीन तासांत दिवसाची भरपाई होते. सचिवांना हाच मुद्दा पटतो असा माझा अनुभव आहे, कारण इतका भार एका गिझरपेक्षा फार मोठा नसतो.

परवानगी तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या. त्यात पार्किंगची जागा आपल्या नावावर असल्याचा करारातील उल्लेख, केबल कोणत्या भिंतीने जाणार त्याचा नकाशा, परवानाधारक ठेकेदाराचे नाव, आणि सर्व खर्च व दुरुस्ती आपली असे हमीपत्र जोडा. २०२४ च्या नियमदुरुस्तीची प्रत लावा. राज्याच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींमध्ये किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची अट आली होती. तुमची इमारत जुनी असल्याने ती तिला बांधील नाही, पण सभेत सांगायला उपयोगी पडते. पुढे चार-पाच जणांनी गाड्या घेतल्या तर प्रत्येकाची स्वतंत्र केबल ओढण्यापेक्षा अपार्टमेंटच्या नावे चार्जिंग वर्गवारीची एक जोडणी घेऊन पार्किंगमध्ये पोटमीटर बसवणे स्वस्त पडते. सचिवांना तोही पर्याय द्या. नकार देणाऱ्याला दुसरा रस्ता दाखवला की सभा लवकर संपते.

केबल तांब्याचीच घ्यावी. मीटर पेटीपासून पार्किंग लांब असेल तर जाडीत कंजूषी करू नये, नाहीतर विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो आणि चार्जर मधेच बंद होतो. चार्जरसाठी स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि अर्थिंगचा खड्डा इमारतीच्या जुन्या अर्थिंगवर न ढकलता नवा करावा.

पाण्याविषयी. पार्किंगच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल, नसेल तर वॉचमनला विचारा. चार्जर आणि त्याचे स्विच त्या खुणेच्या वर बसतील का ते पाहा. गन वरून खाली यायला पाच मीटरची वायर पुरते, त्यामुळे चार्जर साडेसहा-सात फुटांवर असला तरी अडत नाही. खूण त्याहूनही वर असेल तर चार्जर मीटर खोलीजवळ किंवा जिन्याच्या वळणावर घ्यावा, किंवा भिंतीवर कायमचा न बसवता हुकावर अडकवायचा काढता-घालता प्रकार घ्यावा आणि खाली फक्त झाकणाचे औद्योगिक सॉकेट ठेवावे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की गाडी पूर्ण भरून घ्यावी, पार्किंगचा एमसीबी पाडावा आणि गाडी उंच भागात नेऊन ठेवावी. कारण पुढचे काही दिवस पूरग्रस्त भागाचा वीजपुरवठा सुरक्षेसाठी बंद केला जातो आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद होऊ शकतो, तेव्हा बाहेरचा चार्जरही हाताशी नसतो. बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असते या भरवशावर साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नये. विमा कंपनी तो युक्तिवाद ऐकत नाही.

शनिवारी दुपारनंतर मी नागाळा पार्कातच एका कामावर असतो. पार्किंग आणि मीटर पेटी पाहायची असेल तर इथेच संदेश पाठवा, अंतर मोजून केबलचा अंदाज देतो.

नागाळा_पार्क_४१६

जरूर, शनिवारी चालेल. भिंतीवरची खूण मी आजच पाहिली. ती जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे.

विजेची_कामे_उद्यमनगर

मग सात फुटांवर निर्धास्त बसवू. चार्जर खरेदी करण्याआधी पाहणी होऊ द्या, आणि गाडीसोबत फुकट मिळणारा कोणता आहे तेही शोरूमला विचारून ठेवा, पुष्कळदा ३.३ चा तिथेच मिळतो.